हे मी मिटवलं नाही, अण्णा

अण्णा,

तुमच्या दशक्रियेला घाटावर कितीतरी माणसं बोलली, पण तुम्हाला मारलं असं त्यांच्यातलं कुणीही म्हणालं नाही. पतसंस्थेचे चेअरमन म्हणाले, काळाने घाला घातला. प्रवचनकार महाराज म्हणाले, देह नाशवंत आहे. विरोधी गटाचे नगरसेवक तर रडले, आणि रडता रडता म्हणाले की नियतीला हे मान्य नव्हतं. सूत्रसंचालन करणारे गुरुजी दोन वक्त्यांच्या मध्ये ‘दुःखद निधन’, ‘दुःखद निधन’ करत होते, जसं काही तुम्हाला ताप आला होता.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठावं आणि माइक घ्यावा असं वाटत होतं. काळ नव्हता तो. पप्या होता. तुमच्या चुलतभावाचा, तात्यांचा मुलगा. त्याच्या हातात कोयता होता आणि अंगात तुमच्याच वाढदिवसाला वाटलेला पांढरा टी-शर्ट होता.

मी उठले नाही. आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

तुमच्याबद्दल लिहायचं तर मला जन्मतारीख, पदं, सत्कार यातलं काही येत नाही. ते सगळं तिकडे बोलून झालं. मला तुम्ही आठवता ते मी पाचवीत असताना, वर्कशॉपच्या फाटकात, कपाळातून रक्त गळत असलेले.

माझे वडील हिंगोलीकडून धानोळ्याला आले तेव्हा धानोळे म्हणजे चाकणच्या पुढचं एक साधं गाव होतं. शेतात कांदा आणि शेताच्या कडेला पत्र्याची वर्कशॉप. तुम्ही सरपंच होतात. वडील अशाच एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. गाड्यांचे छोटे पत्रे ठोकून काढायचं काम. एका दिवशी पत्र्याच्या जागी त्यांच्या उजव्या हाताची बोटं खाली राहिली. अंगठा तेवढा वाचला. सोबतच्या माणसांनी त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, आणि जी मागे राहिली त्यांनी वर्कशॉपवर दगड घातले. मालकाने आतून रॉडवाली माणसं बाहेर काढली. आई मला घेऊन धावत तिथे गेली होती, तेव्हा एका माणसाचं डोकं फुटलेलं होतं आणि दुसऱ्याला चौघे जण जमिनीवर पाडून तुडवत होते.

तुम्ही मोटारसायकलवरून आलात आणि सरळ मध्ये जाऊन उभे राहिलात. कुणीतरी फेकलेला दगड तुमच्या कपाळाला लागला. तुम्ही रक्त पुसलंही नाही. एक प्लास्टिकचा क्रेट उलटा केलात, त्याच्यावर बसलात आणि म्हणालात, “बसा समदे. चहा सांगा.”

मला आजही कळत नाही की ती माणसं का बसली. पण बसली. रॉड हातात धरूनच बसली.

तुमची रीत मी नंतर कितीदा पाहिली. दोन्हीकडच्यांना जमिनीवर बसवायचं. कुणालाही उभं राहून बोलू द्यायचं नाही, कारण उभा माणूस हात उचलतो. सगळ्यांचं ऐकायचं, मध्येच कुणाच्या तरी आजोबांची आठवण काढायची, आणि शेवटी चहा. दोन्हीकडच्यांनी चहा प्यायला की विषय संपला. “चहा प्यालास ना? मंग मिटलं,” असं तुम्ही म्हणायचात. चहा घेतल्यावर पुन्हा तोच विषय काढणाऱ्याला धानोळ्यात तोंड दाखवायला जागा नसायची. पोलीस ठाण्याचे साहेबसुद्धा फोन करून विचारायचे, “अण्णा, ते भांडण चहाला गेलं का?”

त्या दिवशी क्रेटवर बसून तुम्ही ठरवलंत की वडिलांना त्याच वर्कशॉपच्या गेटवर कायमचं काम द्यायचं, दवाखान्याचं मालकाने बघायचं, “आन् त्याची पोरगी शिकंल तोवर शिकवायची.” मालकाने मान हलवली. चहा आला. माझं शिक्षण असं ठरलं, अण्णा. आमच्या घरात माझ्या आधी दहावीची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. मी पदवी घेतली, तिची सुरुवात त्या क्रेटवर झाली, आणि हे मी कधीच विसरणार नाही. पुढे मी तुमच्यावर जेवढी चिडले, तेवढी हे आठवूनच चिडले.

पदवीचे पेढे घेऊन मी आले तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांना म्हणालात, “पावनं, तुमची पोरगी आता मला वाचून दावंल.” गाव तोवर नगर परिषद झालं होतं आणि लोकांनी तुम्हाला नगराध्यक्ष केलं होतं. मी पाणीपुरवठा विभागात कंत्राटी लिपिक म्हणून लागले. तुम्ही मात्र मला पहिल्या दिवसापासून मास्तरीण म्हणायचात. पुण्या-पिंपरीत महापौर असतो, आमच्याकडे नगराध्यक्ष, एवढाच फरक मला माहीत होता. तुम्ही तो नीट सांगितलात: “म्हापौराला लाल दिव्याची गाडी असायची. मला निस्ती भांडणं.”

आणि भांडणं खरंच संपत नव्हती. शिफ्ट सुटल्यावर बस कुणाच्या दारात उभी केली म्हणून ड्रायव्हरचे दात पडायचे. भंगाराचा ठेका कुणी घ्यायचा यावरून कंपनीच्या गेटसमोर तलवारी निघायच्या. एकदा मी फाइल घेऊन तुमच्या दालनात आले, तर एक माणूस खुर्चीत बसून चहा पीत होता आणि त्याच्या डोक्याला बांधलेल्या टॉवेलातून रक्त त्याच कपात पडत होतं. तुम्ही त्याला म्हणालात, “आरं, कप तरी बदल.” तो हसला. जो त्याला मारायला निघाला होता, तोही हसला. तुमच्याशिवाय कुणाला जमलं असतं हे?

पण चाळींमधलं पाण्याचं भांडण तुमच्याने मिटत नव्हतं. आमच्यासारख्या भाडेकऱ्यांच्या खोल्या गावाच्या वरच्या अंगाला. तिथे नळ नव्हता, टँकर यायचा. टँकर पप्याचे. दुसऱ्या कुणाचा टँकर चाळीत शिरला की त्याची काच फुटायची. उन्हाळ्यात हंडे घेऊन बायका पळायच्या, एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि पप्याची पोरं टपावर बसून पाइप इकडून तिकडे फिरवत मजा बघायची. “ए मराठवाडा, लाइनीत ये,” असं ओरडायची. माझ्या आईच्या कोपरावर अजून त्या पाइपाच्या पितळी तोंडाचा व्रण आहे.

मग ज्ञानेश्वरचं झालं. परभणीकडचा पोरगा, आमच्या मागच्या चाळीत राहायचा, कंपनीत ट्रेनी होता. त्याने चाळीतल्या लोकांना एकत्र करून चाकणवरून टँकर मागवला. टँकर खाली झाला, लोकांनी त्याला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी तो फर्स्ट शिफ्टला निघाला असताना पप्याने त्याला बसच्या थांब्यावर गाठलं. कोयता आला तेव्हा ज्ञानेश्वरने हात वर केला, म्हणून मान वाचली. डावा पंजा मनगटापासून लोंबायला लागला. बस आली, दार उघडलं, आणि ड्रायव्हरने ते पाहून पुन्हा बंद केलं.

ती बैठक तुमच्या अंगणात झाली. तुम्ही पप्याच्या सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली, त्याला ज्ञानेश्वरच्या चुलत्याच्या पाया पडायला लावलं. इलाजाचा खर्च तात्यांवर टाकलात. पप्या दोन दिवस मान खाली घालून फिरला. चहा झाला. ज्ञानेश्वर दवाखान्यातून परस्पर परभणीला गेला.

मी दुसऱ्या दिवशी दालनात आले. कुणी नव्हतं. माझा आवाज चढलेला होता, तुम्ही मला बसायला सांगितलंत, मी बसले नाही.

“अण्णा, केस का नाही केली?”

“केस झाली की पोराच्या नावावर शिक्का बसतो, मास्तरीण. कंपनीत घ्यायचं म्हणलं की आधी पोलीस व्हेरिफिकेशन. शिक्का असला की गेटावरनं माघारी. मंग त्यो काय करल?”

“काय करेल?”

“कोयता धरल.”

“आणि आता काय धरलंय त्याने?”

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलात. “तू शिकलीस. तुला कायदा दिसतो. मला पोरं दिसत्यात. आमच्या जमिनी गेल्या, पैसा आला, पैसा गेला. ही पोरं ना शेतात, ना कंपनीत. आपणच तुरुंगात घालायची का त्यास्नी?”

“ज्ञानेश्वरपण पोरगाच होता.”

तुम्ही चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवलात. मग जे म्हणालात ते माझ्या फार वर्मी लागलं. “तुझ्या बापाचं बी मीच मिटीवलं हुतं. तवा केस का न्हाई केली, म्हणून इचारलं न्हाईस कदी.”

मला उत्तर आलं नाही. तेवढ्यात शिपाई आत आला, कुठल्या तरी उद्घाटनाची गाडी आली होती. तुम्ही उठलात. ते भांडण तिथेच राहिलं. त्यानंतर आपण रोज भेटलो, बोललो, तुम्ही माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून खाल्लीत, पण तो विषय दोघांनीही काढला नाही.

एवढं मात्र झालं की त्यानंतर तुम्ही चाळीच्या पाइपलाइनीच्या मागे लागलात. तोवर ती फाइल कपाटात पडून होती, कारण ती लाइन पूर्ण झाली असती तर पप्याचे टँकर भंगारात गेले असते, आणि पप्या घरचा होता. तुम्ही ती फाइल माझ्याकडून तीनदा वाचून घेतलीत. मंजुरीसाठी पुण्याला खेटे घातलेत. सभेत तुमच्याच पक्षाचे लोक म्हणाले, भाडेकऱ्यांची मतं इथे नाहीत, त्यांना पाणी कशाला. तुम्ही म्हणालात, “मत न्हाई म्हंजी तहान न्हाई व्हय?” लाइन टाकताना रात्रीतून पाइप फोडले जायचे, तुम्ही सकाळी उभं राहून पुन्हा टाकून घ्यायचात. कोण फोडतंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्हालाही. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत.

ती लाइन हे तुमचं मला दिलेलं उत्तर होतं का, अण्णा? मला विचारायचं होतं. लाइन सुरू झाली की विचारू, असं मी ठरवलं होतं.

त्या सकाळी तुम्ही खूश होतात. चाळीच्या चौकात व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती रांगोळी काढली होती. बायका हंडे घेऊन आल्या होत्या. मी नारळाचं ताट धरून तुमच्या डाव्या बाजूला उभी होते. तुम्ही समोरच्या म्हातारीला म्हणालात, “मावशे, पयलं पाणी तुझ्या हंड्यात. मत हाय का न्हाई ते इचारत न्हाई.” लोक हसले. तुम्ही नारळ फोडला, व्हॉल्व्हची लांब चावी हातात घेतली आणि वाकून फिरवायला लागलात. चावी जड होती. मी म्हणाले, अण्णा, प्लंबरला फिरवू द्या. तुम्ही म्हणालात, फोटो माझा छापणार आन् चावी त्यो फिरवणार?

दोन मोटारसायकली आल्या. पप्या उतरला आणि चालत आला. पळत नाही, चालत. “अण्णा, बोलायचंय,” म्हणाला. तुम्ही वर न बघताच म्हणालात, “एवढं उरकू दे, मंग बसू.”

पहिला वार खांद्यावर बसला. आवाज ओलं लाकूड तोडल्यासारखा होता. तुम्ही सरळ झालात आणि त्याच्याकडे पाहिलंत. बाकीचे दोघे मागून आले. लोक पळाले. हंडे रस्त्यावर घरंगळत गेले, त्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी पळाले नाही, पण ते धैर्य नव्हतं, माझे पायच हलत नव्हते. तुम्ही उजवा हात पुढे केलात, बैठकीत एखाद्याला खाली बसवताना करायचात तसा, तळवा खाली. त्या हातावर दुसरा वार झाला. मग मानेवर. तुम्ही गुडघ्यावर आलात. त्याने तुमचे केस धरले.

तुम्ही त्याला काय म्हणालात ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. बाकी कुणी इतकं जवळ नव्हतं.

“पप्या, ठेव ते. आपण मिटवू.”

तो थांबला नाही. तुम्ही पडल्यावरही थांबला नाही. गालावर, पोटावर, पायावर. तुमचं डोकं व्हॉल्व्हच्या खड्ड्याच्या कडेवर होतं आणि चावी अजून व्हॉल्व्हमध्ये अडकलेली होती. तिघेही हात पुसत निघून गेले. एकाने जाताना रांगोळीवर पाय पडू नये म्हणून पाऊल उचलून टाकलं. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण मी पाहिलं.

त्या दिवशी चाळीत नळाला पाणी आलं. कुणीही भरलं नाही.

पोलिसांनी पप्याला दुसऱ्याच दिवशी उचललं. पण कोर्टात उभं राहायला माणूस मिळेना. तपास करणारे फौजदार माझ्याकडे आले तेव्हा वैतागलेले होते. म्हणाले, “मॅडम, सगळा चौक भरलेला होता म्हणतात आणि एकूण एक माणसाची पाठ होती. प्लंबरची पाठ, हंडेवाल्यांची पाठ. फोटोग्राफरची पण पाठ, बोला.”

आणि गावाने काय केलं माहीत आहे? चौकात तुमचा मोठा फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, वर तुमचा फेटा बांधलेला फोटो. खाली ‘शोकाकुल’ म्हणून तरुण मंडळाच्या पोरांचे चेहरे. फ्लेक्सवाल्याने घाईत तुमच्या वाढदिवसाचीच फाइल उघडली होती. वरचं ‘अभीष्टचिंतन’ काढलं, फुलांच्या जागी समई घातली, आणि खालचे चेहरे तसेच ठेवले. त्यात दुसऱ्या रांगेत गॉगल लावलेला पप्या होता. तुमच्या मरणाने शोकाकुल झालेला. संध्याकाळपर्यंत तो फ्लेक्स तसाच होता. येणारे जाणारे बघत होते, कुणी हात लावत नव्हतं. शेवटी माझे वडील स्टूल घेऊन गेले आणि अंगठ्याच्या नखाने तेवढा चौकोन खरवडून आले. रात्री आमच्या खिडकीच्या काचा फुटल्या.

तात्या दशक्रियेच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीत आले. सोबत गावातली तिघं वयस्कर माणसं. खोली लहान, सगळे जमिनीवर बसले. तात्या एका आठवड्यात म्हातारे झाले आहेत, अण्णा. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. ते गुडघ्यात मान घालून बसले होते. मग म्हणाले, “पोरी, माझा भाऊ गेला. पोरगा बी जाणार. माझ्या घरात उरलं काय? तू एवढंच सांग, त्वांड बांधलेलं हुतं. वळखू आलं न्हाई.”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

“तूच सांग, त्यो असता तर काय म्हणला असता? मिटवा म्हणला असता. म्हणला असता का न्हाई?”

म्हणाला असतात. मला माहीत होतं. मी ते कानांनी ऐकलं होतं. तात्यांना तुमचे शेवटचे शब्द माहीत नव्हते, आणि मी ते सांगितले असते तर त्या खोलीत माझ्याकडे बोलायला काहीच उरलं नसतं.

दुसरे एक जण भिंतीकडे बघत बोलले, “जवान पोरगी. कोर्टात वकील काय बी इचारतो. उद्या करून कोण घेनार? आन् तुझ्या बापाला गेटावर ठिवला कुणी? गावानंच ना?”

वडील हात जोडून म्हणाले, “लेकरू हाय तात्या. समजावून सांगतो आमी.”

मागे गॅस पेटल्याचा आवाज आला. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. तिला वाईट काही करायचं नव्हतं, घरी आलेल्या माणसांना चहा द्यायचा एवढंच तिला माहीत. मी उठले आणि गॅस बंद केला. तात्यांनी आधी पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते धानोळ्याचे आहेत, त्यांना कळलं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले.

आई मला म्हणाली, “कामून अपमान केलास गं म्हाताऱ्याचा?” ती रडायला लागली. वडील बराच वेळ आपला हात बघत बसले. मग म्हणाले, “माझ्या टायमाला मला कुणी इचारलंच नव्हतं, बाई. मी दवाखान्यात व्हतो. सुद आली तवा लोक म्हणले, तुझं मिटलं.”

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तक्रार म्हणूनही नव्हतं सांगितलं, नुसतं आठवलं म्हणून. आणि मला आपल्या त्या अर्धवट भांडणाचं उत्तर मिळालं, अण्णा. फार उशिरा मिळालं, पण मिळालं. वडिलांची बैठक झाली तेव्हा वडील नव्हते. ज्ञानेश्वरची झाली तेव्हा ज्ञानेश्वर नव्हता. ज्याचं तुटलेलं असतं, तो तुमच्या बैठकीत कधी नसायचाच. चहा बाकीचे प्यायचे. तुम्ही हे जाणूनबुजून केलं नाहीत. तुम्हाला रक्त थांबवायचं असायचं, आणि ते तुम्ही थांबवायचात, स्वतःचं कपाळ फोडून घेऊन थांबवायचात. मी त्याच थांबलेल्या रक्तावर शिकले. पण आता तुमची बैठक भरली होती आणि तिच्यात तुम्ही नव्हतात.

एवढं कळलं म्हणून सोपं झालं नाही. माई आल्या. तुमच्या माई, ज्यांनी मला नोकरी लागल्यावर पहिली साडी घेतली. एकट्या आल्या, दार लावून घेतलं.

“वर्षा, मला एकच पोरगं हाय, इनायक,” म्हणाल्या. “त्याला रोज त्यांच्याच दारावरनं जायाचं हाय. पप्या आत गेला तरी त्याची पोरं भाईर हायती. तू जाशील पिंपळे गुरवला मावशीकडं. आमी कुठं जायाचं?”

“माई, त्यांनी अण्णांना—”

“मला सांगू नको काय केलं. अंघोळ मी घातली त्यास्नी.”

आणि त्या खाली वाकल्या. माझे पाय धरायला. मी त्यांचे हात वरच्या वर पकडले, त्या सोडवून घ्यायला लागल्या, आम्ही दोघी झटापट केल्यासारख्या खाली बसलो. त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या, ते मला तेव्हा दिसलं. मी त्यांना हो म्हणाले नाही. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल की मी ऐकलं.

दशक्रियेनंतर दोन दिवसांनी मी जबाब द्यायला कोर्टात गेले. फौजदारांनी आणायला महिला पोलीस पाठवली होती. दंडाधिकारी मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी विचारलं, कुणाचा दबाव आहे का, स्वतःहून बोलताय का. विचार करायला वेळ हवा असेल तर बाहेर बसा म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसले. समोर कुणीतरी चहा घेऊन चाललं होतं. माईंचा विचार करत होते. विनायकचा. माझ्या वडिलांचाही, कारण त्यांना त्याच दिवसापासून गेटवर येऊ नका असा निरोप आला होता.

आत गेले आणि सगळं सांगितलं. टी-शर्टपासून सांगितलं. कोयता कुठल्या हातात होता, तो चालत कसा आला, कुठल्या क्रमाने मारलं. मॅडम मध्येच म्हणाल्या, पाणी घ्या. मी घेतलं. मग त्यांनी विचारलं, मयत काही बोलले का?

मी खोटं बोलू शकत होते, अण्णा. काही नाही, म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग तात्यांनी सांगितलेलं खोटं आणि माझं खोटं यात फरक काय राहिला असता? मी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. टाइप करणाऱ्या माणसाची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं आणि मग लिहिलं. तुम्ही त्याला मारू नको म्हणाला नाहीत, वाचवा म्हणाला नाहीत. आपण मिटवू म्हणालात. ते आता तुमच्या गावच्या कोर्टाच्या कागदावर आहे आणि तिथे ते तुमच्या बाजूने आहे, त्याच्या नाही.

मी हे पिंपळे गुरवहून लिहिते आहे. मावशीच्या हॉलमध्ये आम्ही तिघे झोपतो. माईंना मी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. त्यांच्या मनातून मी उतरले असेन, आणि कदाचित कायमची. तुमच्याही मनातून उतरले का, हे विचारायला कुणी नाही. तुम्ही असता तर चिडला असता, मग चष्मा पुसला असता, मग काहीतरी असं बोलला असता की मला उत्तर आलं नसतं. मला त्या निरुत्तर होण्याची फार आठवण येते.

शेवटी मॅडम म्हणाल्या, आरोपीला ओळखता तर पूर्ण नाव सांगा, पप्या असं लिहिता येणार नाही. मी त्याचं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. मग आडनावाशी माझा आवाज अडकला, आणि मॅडमना वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. इतकी वर्षं ते आडनाव मी फक्त तुमच्या सहीखाली टाइप केलं होतं. मी ते मोठ्याने आणि नीट उच्चारून सांगितलं, आणि त्यांनी ते त्याच्या नावापुढे लिहून घेतलं.